ई-मेलची सनद कशी तपासावी

सन २०२२ मध्ये एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या पेढीवर एक ई-मेल आला. ज्या गिरणीकडून आम्ही अनेक वर्षे सूत घेतो, तिच्या नावाने तो होता. हिशेबाची तपासणी चालू असल्याने नेहमीचे बँक खाते काही दिवस बंद आहे, तरी थकलेली रक्कम खाली दिलेल्या नव्या खात्यावर पाठवावी, असा मजकूर होता. बिलाचा नंबर बरोबर, सुताचा काउंट बरोबर, रक्कमही बरोबर. आमच्या मालेगावात शुक्रवारी साचे बंद असतात, म्हणून कारकुनाने त्याच संध्याकाळी तीन लाख ऐंशी हजार रुपये आरटीजीएसने पाठवून दिले. सोमवारी गिरणीचा फोन आला की, पैसे कधी पाठवता?

धावपळ करून तक्रार दिली. नव्वद हजार रुपये एका खात्यात अडकलेले सापडले आणि पुढे ते परत मिळाले. बाकीची रक्कम तोपर्यंत निघून गेली होती.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की, तो ई-मेल खोटा असल्याचा पुरावा त्या ई-मेलमध्येच होता. आम्ही तो पाहिला नाही, कारण असे काही उघडून पाहता येते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचे काम करतो. तो घरी आला तेव्हा त्याने विचारले, "मामू, या वरच्या ओळी कधी उघडून पाहिल्या होत्या का?" त्या ओळी म्हणजे काय, त्या कशा वाचाव्यात आणि हे काम कॉम्प्युटरकडून कसे करून घ्यावे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना समजावे म्हणून हा लेख. मी शिकलो उर्दू शाळेत आणि आयुष्य गेले कापडात. तेव्हा जे मला समजले ते कोणालाही समजेल.

प्रत्येक ई-मेलचे दोन भाग असतात. वर काही ओळी, मग एक कोरी ओळ आणि त्याखाली मजकूर. वरच्या ओळींना हेडर म्हणतात. स्क्रीनवर आपल्याला त्यातल्या चारच दिसतात : कोणाकडून, कोणाला, विषय आणि तारीख. प्रत्यक्षात त्या तीस-चाळीससुद्धा असू शकतात. प्रत्येक ओळीची रचना एकच. आधी ओळीचे नाव, मग दोन टिंबांचे चिन्ह, मग माहिती. ओळ लांब झाली तर ती मोडून खाली घेतात आणि खालच्या तुकड्याच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडतात, म्हणजे हा वरच्याच ओळीचा पुढचा भाग आहे हे कळते. हे नियम १९८२ साली एका दस्तऐवजात नीट बांधले गेले. पुढे २००१ व २००८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली, पण मूळ ठेवण तीच राहिली. एक ओळ ७८ अक्षरांपेक्षा मोठी असू नये अशी शिफारस आहे आणि ९९८ ची हद्द तर ओलांडायचीच नाही.

या नियमांनुसार प्रत्येक ई-मेलमध्ये फक्त दोनच ओळी सक्तीच्या आहेत : तारीख आणि 'फ्रॉम', म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता. आणि या दोन्ही ओळी पाठवणाराच लिहितो. आपल्या दारावर येणारा पत्राचा लिफाफा आठवा. त्याच्या मागच्या बाजूला प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, पोस्टमन ते तपासत नाही. ई-मेल ज्यांनी बनवला ते विद्यापीठांतले व संशोधन संस्थांतले एकमेकांना ओळखणारे लोक होते. त्यावरून कोणी सुताचे पैसे मागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. म्हणून 'फ्रॉम'मध्ये गिरणीचे नाव व पत्ता हुबेहूब लिहिलेला असणे हा कसलाच पुरावा नाही. आमच्या त्या ई-मेलमध्ये गिरणीचा पत्ता अगदी अक्षर न अक्षर खरा होता.

हे हेडर पाहायचे कसे, ते आधी सांगतो. जीमेल असेल तर ते मोबाइलच्या ॲपमधून दिसत नाही, कॉम्प्युटरवर उघडावे लागते. ई-मेल उघडून उजवीकडे तीन टिंबे दिसतात, ती दाबल्यावर जी यादी येते तिच्यात 'शो ओरिजिनल' असे असते. ते दाबले की सगळा कच्चा माल समोर येतो. आउटलुकचा जुना प्रोग्राम असेल तर ई-मेल वेगळ्या खिडकीत उघडून 'फाइल' आणि मग 'प्रॉपर्टीज' येथे जावे, खालच्या चौकटीत हेडर दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते इंग्रजी अक्षरांचे जंगल वाटते. मलाही तसेच वाटले. पण त्यातल्या पाच-सहाच ओळी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली 'रिसीव्ड'. हे समजावून सांगताना मी भाच्याला म्हणालो की, अरे, ही तर सनद आहे. हदीसचा दर्जा आणि व्यापाराचा ई-मेल यांची बरोबरी करण्याचा हेतू अर्थातच नाही, अदब राखूनच म्हणतो. पण आपल्या वडीलधाऱ्यांनी मदरशात जे ऐकले आहे ते येथे फार उपयोगी पडते. हदीस ज्यांच्या मार्फत पोचली त्या रावींची साखळी म्हणजे सनद. अमुकने तमुककडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून. ई-मेलही एका उडीत येत नाही. पाठवणाऱ्याच्या यंत्राकडून त्याच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, तेथून दुसऱ्या, मग आपल्या सर्व्हरकडे असा तो येतो, आणि प्रत्येक सर्व्हर आपल्या हाताने एक ओळ सर्वांत वर चिकटवतो : मला हा ई-मेल अमुक यंत्राकडून मिळाला, मी अमुक, वेळ अमुक. त्यामुळे सर्वांत वरची ओळ शेवटच्या टप्प्याची आणि सर्वांत खालची पहिल्या टप्प्याची. वाचायचे खालून वर, उर्दू जशी उजवीकडून वाचतो तसे हे मनाला एकदा वळवून घ्यावे लागते.

मुहद्दिसांनी सनद तपासताना नुसती नावे मोजली नाहीत. साखळी मध्ये तुटली आहे का, एक रावी दुसऱ्याला भेटला होता का, हे पाहिले. इमाम बुखारी (रह.) यांनी तर प्रत्यक्ष भेट सिद्ध होण्याची अट ठेवली. 'रिसीव्ड'च्या ओळींतही हेच पाहायचे. खालच्या ओळीत ज्याने 'मी घेतला' म्हटले, त्याचेच नाव वरच्या ओळीत 'याच्याकडून मिळाला' असे यायला हवे. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत यंत्रांची नावे नेहमीच जुळतात असे नाही, तेव्हा एखाद्या ठिकाणी नाव वेगळे दिसले म्हणून लगेच चोर म्हणू नये. पण बरोबर मधल्या टप्प्यावर, जेथे ई-मेल एका कंपनीच्या ताब्यातून दुसरीच्या ताब्यात जातो, तेथे साखळी नीट पाहावी.

आता महत्त्वाची गोष्ट. लबाड माणूस खालच्या काही 'रिसीव्ड' ओळी स्वतः बनवून घालू शकतो. तो ई-मेल सोडतानाच दोन-तीन खोट्या ओळी आत लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की हा गिरणीच्या यंत्रातून निघाला. मात्र एक ओळ त्याच्या हातात नसते. आपल्या स्वतःच्या ई-मेल सेवेने, म्हणजे जीमेलने किंवा जी आपण वापरतो तिने, बाहेरच्या जगाकडून ई-मेल घेताना जी ओळ लिहिली ती. तीत समोरच्या यंत्राचा आयपी क्रमांक असतो, आणि तो समोरच्याने सांगितलेला नसून आपल्या सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. हा आपला विश्वासू रावी. त्याच्यापर्यंतची गवाही पक्की, त्याच्या खालची सगळी तपासून घेण्याची. आमच्या ई-मेलमध्ये खालच्या एका ओळीत गिरणीचे नाव होते, पण आमच्या सेवेने लिहिलेल्या ओळीत भलत्याच नावाचे, भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचे यंत्र होते.

वेळेबद्दल दोन शब्द. प्रत्येक ओळीत वेळेपुढे अधिक किंवा उणे चिन्ह व चार आकडे असतात. अधिक ०५३० म्हणजे भारतीय वेळ. अधिक ०००० असेल तर त्यात साडेपाच तास मिळवावेत. उणे ०७०० असेल तर साडेबारा तास. 'डेट'ची ओळ पाठवणाऱ्याची आहे, त्यामुळे ती खोटी असू शकते. पण सर्व्हरच्या वेळा एकापाठोपाठ चढत्या असायला हव्यात. दोन ओळींमध्ये कित्येक तासांचे अंतर असेल तर का, हे विचारावे. कधी कधी सर्व्हर बंद असल्यामुळेही असे होते.

दुसरी गोष्ट, पत्ते तीन ठिकाणी असतात आणि तिन्ही वेगळे असू शकतात. 'फ्रॉम' वर सांगितलाच. 'रिप्लाय-टू' म्हणजे आपण उत्तर दिले तर ते कोठे जाईल. 'रिटर्न-पाथ' म्हणजे ई-मेल पोचला नाही तर तो परत कोठे जाईल. हा शेवटचा पत्ता पत्राच्या आतला नव्हे, लिफाफ्यावरचा असतो. कापडाच्या गाठीत आत बिल असते आणि ट्रान्सपोर्टवाल्याजवळ बिल्टी असते. बिलावर एक नाव आणि बिल्टीवर दुसरेच नाव असेल तर हमाल गाठ उचलील, पण शहाणा व्यापारी विचारील. येथेही तसेच. वेगळे असणे म्हणजे लबाडीच असे नाही. जाहिरातीचे व बँकांचे ई-मेल दुसऱ्या कंपनीमार्फत पाठवले जातात, तेव्हा 'रिटर्न-पाथ' त्या कंपनीचा असतो. परंतु आपल्याच ओळखीच्या पार्टीचा साधा ई-मेल आणि 'रिप्लाय-टू' भलतीकडे, हे मात्र थांबण्याचे कारण आहे.

आमच्या बाबतीत 'फ्रॉम' खरा होता आणि 'रिप्लाय-टू' जवळजवळ खरा होता. गिरणीच्या नावात इंग्रजी 'एम' हे अक्षर आहे. त्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी लिहिली होती. छोट्या टायपात ती जोडी 'एम'सारखीच दिसते. कारकुनाने "खाते बदलल्याचे पत्र पाठवा" असे उत्तर खरोखर लिहिले होते. ते उत्तर लबाडाकडे गेले आणि दहा मिनिटांत सही-शिक्क्याचे पत्र आले. म्हणजे कारकुनाने खातरजमा केली, पण ज्याच्याबद्दल करायची त्यालाच विचारून. त्याला मी रागावलो होतो, त्याचे आता वाईट वाटते.

तिसरी ओळ 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स'. आपल्या सेवेने ई-मेल घेताना केलेल्या तपासणीचा हा निकाल आहे. त्यात तीन नावे येतात : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेले असते. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' केल्यावर या तिघांचा निकाल वरच तक्त्यात दिसतो.

एसपीएफ म्हणजे गिरणीने आपल्या दारावर लावलेली यादी, की आमची पत्रे फक्त हे हे हरकारे आणतील. ई-मेल आणणारे यंत्र त्या यादीत असेल तर 'पास'. डीकेआयएम म्हणजे मोहर. पाठवणारा सर्व्हर आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने मजकुरावर व महत्त्वाच्या ओळींवर मोहर करतो, तिची जाहीर किल्ली त्याने सर्वांसाठी मांडून ठेवलेली असते. वाटेत रकमेचा एक आकडा जरी बदलला तरी मोहर जुळत नाही. डीमार्क हे २०१५ साली दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. ते विचारते की, यादीवरचे किंवा मोहरेवरचे नाव आणि 'फ्रॉम'मधले नाव एकच आहे का? आणि नसेल तर काय करावे, हेही त्या गिरणीनेच आधी जाहीर करून ठेवायचे असते.

आमच्या ई-मेलमध्ये एसपीएफ 'पास' होते. हे मला प्रथम समजेना. भाच्याने दाखवले की, एसपीएफ 'फ्रॉम' पाहतच नाही, ते लिफाफ्यावरचा पत्ता पाहते. लबाडाने लिफाफ्यावर स्वतःचेच नाव टाकले होते आणि स्वतःच्या दारावर स्वतःची यादी लावली होती. तेव्हा 'पास' होणारच. 'पास' या शब्दापुढे कोणाचे नाव लिहिले आहे ते वाचले पाहिजे. डीकेआयएमची मोहर तर नव्हतीच. आणि डीमार्कचा निकाल आला नाही, कारण गिरणीने त्या वेळी ती सूचना लावलेलीच नव्हती. दार उघडे होते.

आणखी एक डाव लक्षात ठेवावा. 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही ओळही लबाड स्वतः लिहून पाठवू शकतो, सगळे 'पास' म्हणून. या ओळीच्या सुरुवातीला तपासणाऱ्याचे नाव असते. ते आपल्या स्वतःच्या सेवेचे असेल तरच मानावे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की, दिवसाला पन्नास ई-मेल येतात, प्रत्येकाचे जंगल कोण तुडवणार? मीही हेच म्हणालो. तेव्हा भाच्याने एक लहान प्रोग्राम लिहून दिला. त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरोघरी आता कॉम्प्युटर शिकलेली मुले-मुली आहेत आणि हे काम त्यांना सांगण्यासारखे आहे. पायथॉन नावाची प्रोग्राम लिहिण्याची भाषा फुकट मिळते. तिच्याबरोबरच 'ईमेल' नावाची तयार लायब्ररी येते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून तपासलेली हत्यारे. तुकड्यात मोडलेली ओळ जोडणे, नाव आणि माहिती वेगळी करणे, तारीख ओळखणे ही कामे ती करते. स्वतः दोन टिंबे शोधून ओळ कापू गेले तर फसगत होते, कारण मोडलेल्या ओळी, अवतरणचिन्हातला स्वल्पविराम, नावातच लिहिलेला दुसरा पत्ता अशा शंभर भानगडी असतात. 'गिरणीचा खरा पत्ता' हेच कोणी आपले नाव म्हणून लिहितो आणि पुढे कोनी कंसात आपला पत्ता देतो. डोळ्याला पहिला दिसतो, लायब्ररी मात्र नाव आणि पत्ता वेगवेगळे हातात देते.

तरी हत्यार धरण्याची रीत असते. भाच्याने पहिल्या दिवशी केलेल्या चुका त्याच्या परवानगीने सांगतो.

पहिली चूक, त्याने 'रिसीव्ड' मागितले तर लायब्ररीने एकच ओळ दिली. बाकीच्या गप्प. एकाच नावाच्या अनेक ओळी असतील तर 'गेट-ऑल' म्हणून सगळ्या मागाव्या लागतात. सनदीतला एकच रावी पाहून निकाल देण्यासारखे झाले असते. 'फ्रॉम' सुद्धा असाच सगळा मागून मोजावा. नियमाने ती ओळ एकच हवी. दोन निघाल्या तर एक कारकुनाला दाखवण्यासाठी आहे आणि दुसरी तपासणीला चकवण्यासाठी, असे समजावे.

दुसरी चूक विषयाच्या ओळीची. हेडर मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले. मराठी किंवा उर्दू विषय लिहिला की तो गुंडाळून पाठवला जातो. एक बरोबरचे चिन्ह, एक प्रश्नचिन्ह, मग 'यूटीएफ-८', मग 'बी' हे अक्षर आणि पुढे न समजणारी अक्षरे असे ते दिसते. हा नियम सध्याच्या स्वरूपात १९९६ चा आहे. अशा एका गुंडाळीला ७५ अक्षरांची हद्द आहे. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि उर्दूचे दोन, म्हणून हिशेब केला तर एका गुंडाळीत देवनागरीची पंधराच चिन्हे मावतात, तीही काना-मात्रा वेगळे मोजून. उर्दूची बावीस. लांब मराठी विषय म्हणूनच चार-पाच गुंडाळ्यांत जातो. पायथॉनच्या लायब्ररीत दोन वागणुकी आहेत, जुनी आणि नवी. कोणती हवी ते सांगितले नाही तर ती जुन्या रीतीने वागते आणि विषय गुंडाळलेलाच देते. नवी पॉलिसी सांगितली की 'सुताचे बिल' असे साफ वाचता येते. आमच्या प्रोग्रामने पहिल्या दिवशी 'खाते' हा शब्द एकाही ई-मेलमध्ये नाही असे सांगितले होते, त्याचे कारण हेच.

ओळींच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, ते लायब्ररी स्वतः सांभाळते.

तिसरी चूक पाठवण्याच्या बाजूची. आमची उधारीची स्मरणपत्रे आता प्रोग्राम पाठवतो. त्यात एक विषय घातल्यावर तो बदलण्यासाठी दुसरा घातला, तर जुन्या वागणुकीत पहिला पुसला जात नाही, त्याच्या जोडीला दुसरा उभा राहतो. एकाच पत्राला दोन विषय. नवी वागणूक येथे सरळ चूक म्हणून अडवते. बदलायचे असेल तर आधी जुनी ओळ काढून टाकावी, मग नवी लिहावी. याहून धोक्याचे म्हणजे ओळीत घुसलेली ओळ. आपण पार्टीचे नाव फॉर्ममधून घेऊन विषयात घातले आणि कोणी त्या नावात एंटरचे बटण दाबून खाली 'बीसीसी' म्हणून आणखी पत्ते लिहिले, तर निष्काळजी प्रोग्राम ती वेगळी हेडरची ओळ समजून आपल्याच नावाने हजारो लोकांना पत्रे पाठवील. नव्या वागणुकीत लायब्ररी अशी माहिती घेण्यास नकार देते. म्हणून मुलांना सांगावे की, हेडरच्या ओळी हाताने जोडून बनवू नका, लायब्ररीकडूनच बनवून घ्या.

आता आमचा प्रोग्राम काय करतो? दर पंधरा मिनिटांनी तो टपालपेटीतून नव्या ई-मेलची फक्त हेडरे आणतो. ई-मेल वाचला असा शिक्का न बसता हे करता येते. आमच्या खतावणीत प्रत्येक पार्टीपुढे तिचा खरा पत्ता लिहिलेला आहे. 'फ्रॉम', 'रिप्लाय-टू' व 'रिटर्न-पाथ' तो त्याच्याशी जुळवतो. आमच्या सेवेने लिहिलेला तपासणीचा निकाल आणि त्यापुढचे नाव पाहतो. एखाद्या अक्षराने फरक असलेला पत्ता दिसला तर त्यावर लाल खूण करतो. लाल खुणेच्या ई-मेलवर कारकून स्वतः काही करत नाही, मला दाखवतो. एवढेच काम. पहिल्या महिन्यात निम्म्या लाल खुणा निर्दोष निघाल्या, कारण आमचे काही दलाल तीन-तीन पत्ते वापरतात. खतावणी दुरुस्त केली तशा त्या कमी झाल्या.

आणि तरीही हे पुरेसे नाही, हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. लबाडाने गिरणीच्या टपालपेटीचा पासवर्डच मिळवला आणि तेथूनच ई-मेल पाठवला, तर यादी बरोबर, मोहर बरोबर, सनद सहीह, आणि मजकूर खोटा. आमचा बिलाचा नंबर लबाडाला कळला, त्या अर्थी दोघांपैकी एकाची पेटी कोणीतरी वाचत होते. ती कोणाची हे शेवटपर्यंत कळले नाही. दोघांनीही पासवर्ड बदलले आणि मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या कुलपाची सोय केली. मुहद्दिसांनी सनदीबरोबर मतनही तपासले होते. येथे मतन म्हणजे 'खाते बदलले' हे वाक्य. हे वाक्य ज्या ई-मेलमध्ये असेल त्याचे हेडर कितीही निर्मळ असो, फोन करावाच. तोही ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर, आणि आवाज ओळखीचा ऐकून. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची खातरजमा करण्याचा आदेश आहे, तो आपण भांडणतंट्यापुरता आठवतो आणि पेढीवर विसरतो.

ही लबाडी फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेत एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे २०२३ या एका वर्षात व्यापारी ई-मेलच्या फसवणुकीच्या २१,४८९ तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान सुमारे २.९ अब्ज डॉलर होते. तेथे वकील, हिशेबनीस व मोठमोठ्या कंपन्या फसल्या. पैसे गेले असे कळताच लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखता आले तरच रोखले जातात. आमचे जे नव्वद हजार वाचले ते लबाडाने उचलायचे राहिले म्हणून. शुक्रवारी सकाळी कळले असते तर चित्र वेगळे असते. ज्या ई-मेलबद्दल तक्रार आहे तो पुसू नये आणि केवळ दुसऱ्याला फॉरवर्डही करू नये, कारण फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर सोबत जात नाही. 'शो ओरिजिनल'मधून मूळ प्रत उतरवून घ्यावी. आम्ही स्क्रीनचा फोटो छापून दिला होता, त्याचा तपासाला फारसा उपयोग झाला नाही.

आपल्या बांधवांपैकी अनेकांनी आता आपल्या पेढीच्या नावाचा डोमेन घेतला आहे. पैठणी विणणारे, हिमरू करणारे, लुंग्या व साड्या बाहेरगावी पाठवणारे. त्यांनी आपल्या बाजूचे दारही लावून घ्यावे. ज्याच्याकडून डोमेन घेतला त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी घालण्यास सांगावे. तीन मजकुरांच्या ओळी आहेत, जाणकाराचे अर्ध्या तासाचे काम. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी दिवसाला पाच हजारांवर ई-मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत, आणि लहानांनाही पहिल्या दोनपैकी निदान एक हवीच. अनेकांची दरपत्रके गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतात आणि गिऱ्हाईक उत्तर देत नाही म्हणून आपण त्याला दोष देतो, त्याचे एक कारण हे असू शकते.

डीमार्कमध्ये तीन पायऱ्या आहेत : काहीच करू नका, संशयितात टाका, नाकारा. एकदम तिसरी लावू नये. आमच्या गिरणीने आधी पहिली लावली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की बिले पाठवणारे त्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर यादीतच नव्हते. ते यादीत घातले आणि तीन महिन्यांनी तिसरी पायरी लावली. या नोंदीत अहवाल कोठे पाठवावा तो पत्ता देता येतो. मग आपल्या नावाने कोणत्या यंत्रांतून किती ई-मेल गेले याचे अहवाल वेगवेगळ्या ई-मेल सेवांकडून रोज येत राहतात. त्यासाठी पेढीचा नेहमीचा पत्ता देऊ नये, वेगळा ठेवावा, नाहीतर त्या गर्दीत गिऱ्हाइकांची पत्रे सापडत नाहीत.